सातवी नळी

नवस बोलताना हात राखून बोलावं, असं बर्नडीनची आई नेहमी सांगे. देवाला घाई नसते, घाई आपल्याला असते. आणि जीभ एकदा बोलून गेली की निस्तरावं पोटाला लागतं. पण त्या ऑगस्टात नवरा सलग आठव्यांदा दुसरा आला आणि घरी येईपर्यंत गाडीत चकार शब्द बोलला नाही, तेव्हा तिच्यानं राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये संत अँथनीपुढे मेणबत्ती लावून ती बोलून बसली, "माझा कॅझ पहिला येईस्तोवर मी परसातला टोमॅटो तोंडात घालणार नाही."

(फ्लॉवर म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? फ्लॉवर तिला तसाही आवडत नव्हता. पण आपल्याला नको असलेली वस्तू देवाला वाहायची, हे तिच्या मनाला पटेना.)

त्यानंतर तीन उन्हाळे गेले आणि कॅझ नवव्यांदा, दहाव्यांदा, अकराव्यांदा दुसरा आला. बर्नडीन रांधत होती, बरण्या भरत होती, शेजारणींना टोपल्या वाटत होती. कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळून वर टोमॅटोचा रस घातला की सगळं घर बोटं चाटायचं. ही मात्र आपल्या ताटातल्या गुंडाळ्या सुरीनं खरवडून, आजारी माणसासारख्या कोरड्या खायची.

कॅझ, म्हणजे काझिमिर, काचेच्या कारखान्यात भट्टीवर पस्तीस वर्षं काढलेला गडी. बोटं अशी जाड की कपाच्या कानात एकही शिरायचं नाही. पण रायफलच्या चापावर तेच बोट फुलावर माशी बसावी तसं टेकायचं. त्यांच्या पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरात घरोघरी असे गडी. नेमबाजांच्या क्लबाची मोठी स्पर्धा ऑगस्टात. हजार यार्डांवर कागद लावायचा, टेकूवर ठेवलेल्या रायफलमधून दहा गोळ्या मारायच्या. ज्याच्या दहा भोकांचा पुंजका सगळ्यांत लहान, तो पहिला. पहिल्याला अक्रोडाच्या लाकडाची ढाल.

ती ढाल अकरा वर्षं एकाच घरी जात होती. बर्नडीनच्या पाठच्या भावाकडे, टॅडकडे. आणि टॅड ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी बहिणीकडे जेवायला येताना ती काखोटीला मारून आणायचा. "आईच्या फोटोला दाखवायला आणली," म्हणे. मग ढाल जेवणभर टेबलाच्या मधोमध, मासा आणि बिटाचं सार यांच्यामध्ये.

अकराव्या पराभवानंतर कॅझनं बायकोला शांतपणे सांगितलं, "बर्नी, पुढच्या ऑक्टोबरात मी रिटायर होतोय. पुढच्या खेपेलाही दुसरा आलो, तर रायफल विकून टाकणार. मग शनिवारी रेंजवर नेमबाजी नाही, काही नाही. मी आणि तू. तुझं स्वयंपाकघर एकदा नीट लावून देईन म्हणतो."

बर्नडीनच्या हातातला डाव सारात पडला. एकदा कारखान्याच्या संपात हा माणूस सहा आठवडे घरी होता, तेव्हा त्यानं तिची फळी 'शास्त्रोक्त' लावली होती. त्यातला जायफळाचा डबा अजून सापडलेला नाही. तिनं मनात संत अँथनीला पुन्हा हाक मारली. या वेळी जरा मोठ्यानं.

"तसं होणार नाही," कॅझ पुढे म्हणाला. "या वर्षी मी नवी नळी घेणार आहे. नीट विचार करून."

घात झाला तो त्या 'नीट विचार करून'नं.

रायफलची नळी म्हणजे काही जन्माची सोबतीण नव्हे. दोन-एक हजार गोळ्या गेल्या की बुडाशी आतून खाल्ली जाते आणि नेम पांगायला लागतो. मग ती उतरवायची आणि दुसरी चढवायची. उतरवलेल्या नळ्या त्या गावात कुणी फेकत नाही. दीड हात लांब, मनगटाएवढी जाड, न गंजणाऱ्या पोलादाची वस्तू. तिच्यासारखी टोमॅटोची काठी जगात नाही. बर्नडीनच्या वाफ्यात अशा सहा होत्या, कॅझच्या सहा उमेदींच्या. ऑक्टोबरात ती त्या उपटायची, पुसायची, तेलाचं बोट फिरवायची, आत किडे घर करू नयेत म्हणून दोन्ही तोंडांना चर्चमधून आणलेल्या मेणबत्त्यांच्या बुडख्यांचं मेण लावायची, आणि ज्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून त्या एके काळी नव्या नवरीसारख्या आल्या होत्या, त्यातच घालून मागच्या ओसरीवर उभ्या करायची.

तर कॅझनं विचार सुरू केला. नळीच्या आत खाचांचा पीळ असतो. त्यानं आठ इंचांत एक वेढा घ्यावा की साडेआठ? या अर्ध्या इंचानं अख्खा सप्टेंबर खाल्ला. खाचा चार असाव्यात की पाच? ऑक्टोबर. त्या कोरून काढणारा कारागीर बरा की दाबून काढणारा? यावर नोव्हेंबरात दोन जुन्या मित्रांशी अबोला झाला. फ्रिजवर नऊ दिवसांच्या प्रार्थनेचं कार्ड होतं, ते काढून तिथं तक्ता लागला. दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवूनही तो काही तरी विचारत होता. डॉक्टरला वाटलं दुखतंय, त्यानं आणखी एक इंजेक्शन दिलं.

"तीस इंची घेऊन अठ्ठावीस करावी का गं?" तो टर्की कापता कापता विचारी.

"कर की."

"पण मग वेग कमी होतो."

"मग नको करू."

"पण ताठ राहते ना!"

"कॅझ, मांडी कापतोयस का नुसता तिचा पीळ मोजतोयस?"

शेवटी बर्नडीननं संत अँथनीची नऊ दिवसांची प्रार्थना धरली. हरवलेलं शोधून देणारा संत तो. आणि तिच्या नवऱ्याचा निर्णय केव्हापासून हरवला होता. नवव्या दिवशी सकाळी कॅझनं कॉफीचा घोट घेतला, फोन उचलला आणि नळी मागवली. आठाचा पीळ, पाच खाचा, कोरलेल्या. अठ्ठावीस इंच करून घ्यायची. फोन ठेवल्यावर लगेच म्हणाला, "साडेआठ सांगायला हवं होतं का गं?" बर्नडीन उठून कपडे वाळत घालायला गेली. डिसेंबरात, बर्फात.

नळी आली मे महिन्यात. तीन दिवस ती जेवणाच्या टेबलावर, आणि घरचे ताटं मांडीवर घेऊन. चौथ्या दिवशी बर्नडीननं ती पुसली, तेलाचं बोट फिरवलं, धूळ जाऊ नये म्हणून दोन्ही तोंडांना मेण लावलं (हाताची सवय हो, दुसरं काय) आणि नळकांड्यात घालून ओसरीवर उभी केली. आणि नुसती कशी ठेवायची? झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेलं आशीर्वादाचं पान उरलं होतं. त्याची पट्टी तिनं नळकांड्याच्या झाकणाखाली खोचली.

"कॅझ, झावळीचं पान खोचलंय ना, ती नवी. लक्षात ठेव."

"अगं, डोळे मिटून ओळखीन मी!"

रायफल बांधून देणारा ऑर्व्हिल हेस दोन गावं पलीकडे राहत होता. सत्तरीचा, लेथपुढे उभा राहून राहून लेथसारखाच झालेला. दिवसाला वीस शब्दांपलीकडे खर्च नाही. कॅझ कामावर जाता जाता नळकांडं उचलून त्याच्याकडे ठेवून आला. उघडून पाहिलंही नाही. "घामेजल्या हातानं आता शिवायचं नाही तिला," म्हणाला, "आता ऑर्व्हिलनंच."

त्याच दुपारी बर्नडीननं टोमॅटोची रोपं लावली. ओसरीवर सहा नळकांडी, वाफ्यात सहा रोपं, हिशेब चोख. प्रत्येक रोपाशी एकेक नळी लाकडी मोगरीनं ठोकली. तिसरी जरा जास्तच लखलखत होती. 'या हिवाळ्यात मेण चांगलं लागलं,' असं म्हणत तिनं देवाचे आभार मानले आणि दोन ठोके जास्त दिले.

तीन आठवड्यांनी रायफल तयार झाली. ऑर्व्हिल म्हणाला, "चांगली नळी."

कॅझला आकाश ठेंगणं झालं. "चांगली? अरे, चार महिने विचार केलाय!"

"दोन इंच कापली बुडाकडून."

"बरोबर! अठ्ठावीसच हवी होती!"

ऑर्व्हिलनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. पण त्या दिवसाचे शब्द संपत आले होते.

नव्या नळीला वळण लावायचं असतं. एक गोळी मारायची, आत कापडाचा बोळा फिरवून पुसायची; पुन्हा एक, पुन्हा पुसायची. कॅझनं हे बाळंतघरातल्या दाईच्या हातानं केलं. आणि काय नवल, पहिल्याच गोळीनंतर बोळा जवळजवळ कोरा निघाला.

"पाहिलंस?" घरी येऊन त्यानं तो बोळा बायकोच्या नाकापुढे धरला. "जन्मजात गुळगुळीत! दोनशे गोळ्या लागतात लोकांना एवढं व्हायला. याला म्हणतात निवड!"

पुढच्या शनिवारी हजार यार्डांवर पुंजका पडला सहा इंचांचा. त्याच्या पुढच्या शनिवारी पाच. कॅझ शिट्टी वाजवत भांडी घासू लागला.

जुलैच्या मध्यावर बर्नडीन वाफ्यात सुतळी बांधत होती. ऊन असं की वरच्या तोंडाचं मेण वितळून ओघळलं होतं. तिसऱ्या नळीचं मेण नीट करायला तिनं चष्मा लावला. काठावर बारीक अक्षरं ठोकलेली होती. आकडे. शेवटी आठ, पिळाचा.

तिनं दुसऱ्या नळ्यांची तोंडं पाहिली. त्यांवर काही नव्हतं. ती धावत ओसरीवर गेली. रिकामी नळकांडी कोपऱ्यात उभी. एकाच्या झाकणाखाली हिरवट-पिवळी झावळी. मग आठवलं. गेल्या वर्षी टोमॅटोवर करपा पडला होता, तेव्हा तिनंच एका काठीच्या नळकांड्याच्या झाकणाखाली झावळीची पट्टी खोचली होती. वाफ्यावर आशीर्वाद असू दे म्हणून! कॅझनं पहिली झावळी दिसताच तेच नळकांडं उचललं होतं. चार महिने पीळ, खाचा, इंच यांचा कीस पाडणाऱ्या माणसानं उचलताना फक्त पान पाहिलं. आणि लावणीच्या वेळी उरलेली झावळी दिसली, ती तिनं स्वतःही त्या जुन्याचीच धरली होती.

बर्नडीन तशीच मातीत बसली. सांगावं तर नवऱ्याच्या शिट्टीचं काय होणार? मेलेली नळी म्हणून ज्या नळीला त्यानं स्वतः तीन वर्षांपूर्वी उतरवलं, तिच्यावर त्याचा नेम उद्यापासून बसेल का? न सांगावं तर पाप.

शनिवारी ती फादर गोर्स्कींच्या कबुलीच्या खोलीत जाऊन गुडघ्यांवर बसली.

"फादर, मी खोटं बोलले नाही. पण खरंही बोलत नाहीये."

"कशाबद्दल, मुली?"

"नळीबद्दल."

जाळीपलीकडून कान पुढे सरकला. फादर स्वतः क्लबाचे सभासद. हिवाळाभर तो तक्ता त्यांनीही पाहिला होता. (साडेआठाच्या बाजूचे होते ते.)

तिनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता पलीकडून असा आवाज आला की कुणी तरी तोंडात रुमाल कोंबतंय.

"फादर? बरं वाटत नाहीये का?"

"मी... ठीक आहे. त्यानं विचारलं तर खरं सांगायचं. विचारेपर्यंत टोमॅटोला पाणी घालत राहायचं." मग वेगळ्याच आवाजात, "पुंजका केवढा पडतोय?"

"गेल्या शनिवारी पाच इंच."

"पाच! मग मुली, देवाच्या कामात हात घालू नकोस."

आणि कबुलीतलं गुपित ते. फादर आता ना हसू शकत होते, ना कुणाला सांगू शकत होते. पुढचा महिनाभर कॅझ समोर आला की त्यांना खोकला येई.

स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून वारा. दरीतल्या झेंड्या एक इकडे, एक तिकडे. बर्नडीन डबा घेऊन मागच्या बाकावर बसली आणि जपमाळ काढली. कॅझनं तिच्याकडे पाहून टोपी उचलली. टॅड मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "भाऊजी, नवी नळी म्हणे! ढाल टांगायला खिळा तरी ठोकलाय का घरी?"

"टॅड, गप्प बस आणि सँडविच खा," बर्नडीन म्हणाली.

टॅडनं आधी मारलं. सव्वासहा इंच. अशा वाऱ्यात ते छानच होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि कॅझनं त्यांच्याबरोबर वाजवल्या. मग तो आडवा झाला टेकूमागे. त्यानं वारा पाहिला, वाट पाहिली. बर्नडीनच्या माळेचे पाच मणी सरकले तरी तो वाट पाहत होता. निवड करताना ज्या माणसाचं मन ठरत नसे, तो इथं दगडासारखा स्थिर. झेंड्या एका बाजूला वळल्या आणि मग दहाच्या दहा गोळ्या, एका श्वासात म्हणाव्यात तशा, गेल्या.

निशाणाकडे मापाला फादर गोर्स्की होते. बराच वेळ फोन आला नाही. आला तेव्हा त्यांचा आवाज चिरकत होता. "चार इंच... आणि वर एक पाव. तीनदा मोजलं. माझ्या तळव्याखाली झाकतोय!"

बाक कोलमडला, कारण सगळे एकदम उठले. बर्नडीन तेवढी बसून राहिली आणि मग जपमाळेसकट जमिनीवर आली. कॅझनं तिला उठवलं ते सरळ उचलूनच, सगळ्यांदेखत, छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

ढाल हातात आल्यावर भाषण झालंच. "मित्रांनो," कॅझ म्हणाला, "नेम म्हणजे निवड! ऑगस्ट ते डिसेंबर मी झोपलो नाही. आठाचा पीळ! लोक हसले. पाच खाचा! लोक हसले. पण नवी नळी निवडताना माणसानं..."

"कुठली नवी?" मागून आवाज आला.

ऑर्व्हिल होता. सगळे वळले. त्याला बोलताना पाहायला लोक तसेही वळत.

"तू आणलीस ती जुनी होती. आटे पाडलेली. सुतळीची गाठ तिच्यावर, आणि एक वाळकं टोमॅटोचं पान. खाल्लेलं बूड कापलं, नव्यानं बसवली. आत मेणानं ठेवली होती, स्वच्छ." त्यानं टोपी नीट केली. "मला वाटलं, शहाणा झालास."

मग टॅड फुटला. गुडघ्यावर हात आपटत, डोळ्यांतून पाणी काढत, "टोमॅटोची काठी! चार महिने तक्ते काढून भाऊजी आले टोमॅटोची काठी घेऊन!"

कॅझचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, अगदी वाफ्यातल्यासारखा. त्यानं बायकोकडे पाहिलं. बर्नडीननं विचारण्याची वाट न पाहता मान हलवली. हो. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काही तरी उगवू लागलं.

"टॅड," तो गोड आवाजात म्हणाला, "मी टोमॅटोची काठी घेऊन आलो, बरोबर?"

"हो! हो!"

"आणि तू तिच्याकडून हरलास."

टॅडचं हसू तोंडातच राहिलं. त्याच्यामागे मात्र बांध फुटला. फादर गोर्स्कींनी महिनाभर कोंडलेलं सगळं एकदम सोडलं. त्यांना धरून बसवावं लागलं, पाणी पाजावं लागलं. ऑर्व्हिलसुद्धा हसला म्हणतात, पण याला एकच साक्षीदार आहे.

घरी आल्यावर ढाल आईच्या फोटोखाली ठेवली, आणि कॅझ तडक परसात गेला. तिसऱ्या रोपाशी उकिडवा बसला. ती होती. त्याची आठाची, पाच खाचांची, कोरलेली. अंगाला सुतळीचे वेढे, बुडाशी शेणखत. रोप तिच्यावर चढून कमरेएवढं झालेलं, आणि इतर पाचांना मिळून जितकी फळं नसतील तितकी त्या एकट्याला.

"उपटू का?" त्यानं विचारलं.

"पहिलं हिम पडेपर्यंत हात लावायचा नाही," बर्नडीन म्हणाली. "भरात आलंय झाड."

तिनं त्यातला सगळ्यात मोठा, उन्हानं ऊबदार झालेला टोमॅटो खुडला. आत आणून चार फोडी केल्या, मीठ भुरभुरलं, क्रूसाची खूण केली. पहिली फोड तोंडात घातली आणि डोळे मिटले. रस हनुवटीवरून ओघळला तरी पुसला नाही. चार उन्हाळ्यांचा उपास त्या एका घासात फिटला, आणि ऑक्टोबरनंतरचे तिचे शनिवारही शाबूत राहिले.

कॅझ समोर बसून पाहत होता. पहिला आलेला माणूस, अकरा वर्षांनी. पण त्याला काही तरी ऐकायचं होतं.

"कशी आहे?" त्यानं हळूच विचारलं.

बर्नडीननं दुसरी फोड उचलली, त्याच्याकडे मायेनं पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्यासारखी नळी कुणाला निवडता येणार नाही रे, कॅझ. असा टोमॅटो आजवर झाला नव्हता."